पाचवीचा बॉक्स, चौथीचं गणित आणि एकदाच वापरायचं वर्कबुक: होमस्कूलिंगच्या पुस्तकांचा आमचा अनुभव

होमस्कूलिंग, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणं, करावं की नाही, कायद्यात बसतं का, मुलं माणूसघाणी होतात का, यातलं काहीही मी लिहिणार नाहीये, त्यावर रग्गड लिहून झालंय. हे फक्त पुस्तकांबद्दल आहे. आणि आत्ताच लिहायला बसायचं कारण म्हणजे अभ्यासाचा बॉक्स विकणाऱ्या कंपनीकडून काल आलेला मेल, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे". कुठे झालं? कधी झालं? मला विचारलं कोणी?

तर मोठी पाचवीच्या वयाची, धाकटा दुसरीच्या. आम्ही पुण्यात, घरात पूर्ण मराठी. गेल्या जूनमध्ये मोठीसाठी एक ऑल इन वन बॉक्स घेतला, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला त्यांच्या वकिलाशी बोलायचा कंटाळा आहे, पण या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी त्याची जाहिरात बघितलेली असणार. बावीस हजार रुपये. गणित, सायन्स, इंग्लिश, सोशल, सगळं एकाच डब्यात, रोजचं वेळापत्रक छापलेलं, सोबत ॲपचं लॉगिन. नवरा म्हणाला शाळेच्या फीपेक्षा स्वस्तच आहे की, आणि हिशोब तसा बरोबर होता.

पहिला घोळ गणितात. आमची मोठी वाचनात सातवी-आठवीच्या मुलांना भारी आहे पण भागाकार म्हटलं की हिला पोटात दुखतं. म्हणजे तिला गणित चौथीचं पाहिजे आणि भाषा सातवीची. अहो म्हणूनच तर घरी शिकवतोय ना, नाहीतर शाळा काय वाईट होती? तर मी त्यांना फोन केला की गणिताचा तेवढा संच चौथीचा बदलून द्या, पाचवीचा अजून उघडलेला पण नाही. नाही म्हणाले. बॉक्स इयत्तेप्रमाणे असतो, "सिस्टीम अलाऊ करत नाही मॅम". चौथीचं गणित पाहिजे तर चौथीचा अख्खा बॉक्स घ्या. बरं ठीक, तक्रार नोंदवली आणि सोडलं.

पण वर्कबुक. वर्कबुकवर मी अजूनही शांत झालेले नाही. या बॉक्समध्ये पाठ्यपुस्तक असं काही नाहीच, सगळी वर्कबुकं आहेत, धडा पण त्यातच, प्रश्न पण त्यातच, उत्तराला ठिपक्यांची ओळ. म्हणजे मोठीने एकदा पेन्सिल टेकवली की पुस्तक संपलं. तीन वर्षांनी धाकटा पाचवीला आला की परत बावीस हजार. मी विचारलं फक्त वर्कबुकं वेगळी मिळतील का, तर नाही, एक मूल एक बॉक्स. जुन्या काळी आमच्याकडे ताईची पुस्तकं मला, माझी मामेभावाला, आणि शेवटी एप्रिलमध्ये अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकवाल्यांकडे अर्ध्या किमतीत जायची. आता मुद्दामच पुस्तक असं बनवायचं की ते पुढे कोणाला देताच येणार नाही! मी मोठीला वहीत उत्तरं लिहायला लावली तर ॲप म्हणतं वर्कबुकच्या पानाचा फोटो अपलोड करा, त्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. मग पानावर प्लॅस्टिकचा पारदर्शक फोल्डर ठेवून व्हाइटबोर्ड मार्करने लिहायचं, फोटो काढायचा, पुसायचं. हा उद्योग दिवाळीपर्यंत चालला.

गणितासाठी शेवटी सिंगापूर मॅथ्सवर गेलो, प्रायमरी मॅथमॅटिक्स. सिंगापूरच्या शिक्षण खात्याने १९८२ साली काढलेल्या मालिकेवरून आलेलं आहे, पहिली ते सहावी, प्रत्येक इयत्तेचे ए आणि बी असे दोन भाग. यांची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या भागापासून सुरू करायचं ते ठरवणारी चाचणी, फुकट डाउनलोड होते आणि ती आधी द्याच, कारण पुस्तकावरचा आकडा आणि आपल्याकडची इयत्ता यांचा काही संबंध नाही. आमची मोठी ४ए वर बसली. इथे टेक्स्टबुक वेगळं, वर्कबुक वेगळं, म्हणजे निदान टेक्स्टबुक तरी धाकट्यासाठी राहतं. टेक्स्टबुकं एका कुटुंबाकडून जुनी घेतली, वर्कबुक नवीन घ्यावं लागलं (इथेपण वर्कबुक, पण असो).

आमच्याकडे अमेरिकेतली आवृत्ती आली आणि तिला पहिला महिना मी भरपूर शिव्या घातल्या. पौंड, औंस, गॅलन, क्वार्ट. आपण किलो-लिटरमध्ये जगतो, मुलीला गॅलन कशाला? धाकट्याच्या २बी मध्ये तर पैशांचा अख्खा धडा डॉलर-सेंटमध्ये, त्यात २५ सेंटचं नाणं, आणि आपल्याकडे २५ पैसे २०११ सालीच चलनातून गेले, त्यामुळे पोराने पावलीचं नाणं कधी बघितलेलंच नाही. मग आजोबांनी त्यांच्या डब्यातली जुनी नाणी काढली, चाराणे, आठाणे, दहा पैशाचं ते कातरलेल्या कडेचं, आणि दोन आठवडे दोघांचं दुकान-दुकान चाललं. चार पावल्या म्हणजे एक रुपया हे त्याला असं पाठ झालंय की अपूर्णांक शिकवताना पाव म्हणजे काय हे मला सांगावंच लागलं नाही. तर त्या आवृत्तीवरचा माझा राग निम्मा तरी गेला.

उरलेला राग 'बार मॉडेल'ने, म्हणजे चौकटी काढून गणित सोडवायच्या पद्धतीने, घालवला. उदाहरण देते. दोघींकडे मिळून ४८ मणी, एकीकडे दुसरीच्या तिप्पट. आपण शाळेत सातवीत एक्स मानून केलं असतं. इथे एक चौकट काढायची, तिच्याखाली तसल्याच तीन चौकटी, एकूण चार चौकटी म्हणजे ४८, तर एक १२, दुसरीकडे ३६. संपलं. भागाकाराला रडणारी पोरगी आता चौकटी काढून आधी ४८ चे चार भाग करते आणि भागाकार केलाय हे तिला नंतर कळतं. होम इन्स्ट्रक्टर गाइड मात्र घ्याच, त्याशिवाय आपल्यासारख्या पालकांना काय बोलायचं तेच सुचत नाही.

मराठीला आणि परिसर अभ्यासाला बालभारती. सेनापती बापट रोडवर त्यांच्या भांडारातून छापील घ्या, ई-बालभारतीवरच्या पीडीएफ फुकट आहेत म्हणून घरी प्रिंट काढू नका, रंगीत पानांना शाईचा खर्च छापील पुस्तकाच्या पुढे जातो. वर्कबुकवरून मी ज्यांना नावं ठेवली त्यात बालभारतीपण आहे बरं का, २०२३ मध्ये त्यांनी पुस्तकाचे चार भाग करून प्रत्येक धड्यामागे वहीची कोरी पानं जोडली होती, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. मोठीकडे तसलंच जुनं पुस्तक आहे आणि त्या कोऱ्या पानांवर धाकट्याने ट्रॅक्टर काढलेत. नंतर ती पानं बंद केली, चांगलं केलं. चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक मोठीने एका दमात वाचलं आणि मग सिंहगडावर जाऊन मला कल्याण दरवाजा कुठे आहे ते सांगितलं. वाचनाला त्यांच्याच 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, १९७१ पासूनचे, आणि खरं सांगते या अख्ख्या वर्षात पैसा वसूल म्हणावं अशी गोष्ट तीच, ज्याला पैसाच लागला नाही.

एक मत बदललं ते पण सांगते. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तेचाळीसच्या जोडीला चाळीस सात असं म्हणायला शिकवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते पुस्तक करणाऱ्या, गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीवर लोक तुटून पडले होते, आणि आमच्या घरीपण "आता मराठी बुडाली" झालं होतं. आता घरी धाकटा एकोणसत्तर ऐकून ७९ लिहितो, रोज लिहितो. साठ नऊ म्हटलं की चुकत नाही. आम्ही आधी साठ नऊ आणि मग एकोणसत्तर असं दोन्ही म्हणतो आणि सिंगापूरच्या पुस्तकातल्या दशक-एककाशी ते बरोबर जुळतं.

सायन्सला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं, म्हणजे मुंबईत मानखुर्दला आहे त्याचं, स्मॉल सायन्स, तिसरी ते पाचवी. यात माहितीचा मारा नाही, बघा, मोजा, चित्र काढा, प्रश्न विचारा असं आहे. टीचर्स बुक आधी वाचा, नाहीतर वाटेल पुस्तकात काहीच नाहीये. सोबत अरविंद गुप्तांची विज्ञान समजावणारी खेळणी, टाकाऊतून होतात, आम्हाला परवडतात. इंग्लिशला स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट, प्रथम बुक्सची, फुकट, त्यात एकच गोष्ट बरेचदा मराठीतपण मिळते, आधी मराठीत वाचायची मग इंग्लिशमध्ये, याहून जास्त मी इंग्लिशचं काही करत नाही आणि चाललंय.

दहावीचं काय, हे विचारणारे काका प्रत्येक लग्नात असतात. एनआयओएस आहे, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड, १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला प्रवेश घेता येतो, निदान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा. अजून चार वर्षं आहेत, काका.

हे इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात दुपारी बॉक्सवाल्यांकडून दुसरा मेल आला. खास बाब म्हणून चौथीच्या गणिताच्या वर्कबुकची पीडीएफ पाठवलीये. मी अक्षरशः उठून नवऱ्याला सांगायला गेले. परत येऊन उघडते तर प्रत्येक पानावर आडवं आमच्या मुलीचं नाव, फिकट राखाडी अक्षरात, आणि प्रिंटचं बटण बंद. मग हे वर्कबुक लिहायचं कशावर, मोबाइलच्या काचेवर? तक्रारीचं तिकीट परत उघडलंय. रेटिंग पाचपैकी दोन ठेवणार होते, आता एक, आणि तो एक नकाशांसाठी, नकाशे छान आहेत.

पाचवीच्या बॉक्समधलं सोशल स्टडीज आणि इंग्लिश आमच्याकडे पडून आहे. सोशलचं पुस्तक कोरं. इंग्लिशची पहिली काही पानं पेन्सिलीने लिहिलेली आहेत, ती मी खोडून देईन, चांगल्या खोडरबराने. अर्ध्या किमतीत, पुण्यातल्या पुण्यात असाल तर घरी येऊन न्या, बाहेरचे असाल तर कुरिअर तुमच्याकडे.