पहिली शोकांतिका कोणती शिकवावी : ‘ईडिपस’ की ‘एकच प्याला’?

अकरावीच्या किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शोकांतिकेची ओळख करून द्यायची, तास मोजके, आणि नाटक एकच घेता येणार, अशी वेळ साहित्य शिकवणाऱ्या प्रत्येकावर येते. शेक्सपिअरचा मोह होतो, पण त्याची नाटकं पहिल्या ओळखीसाठी फार पसरट वाटतात, म्हणून मी ती पुढच्या वर्षावर ढकलतो. मग खरी निवड उरते ती ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं ‘ईडिपस’ आणि राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ यांच्यात. दोन्ही मी वर्गात शिकवली आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. कथानकं तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो.

‘एकच प्याला’ची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक उभं केलं. नायकाची बायको सिंधू साकारली बालगंधर्वांनी. एवढं सांगितलं तरी वर्ग कान टवकारतो. गडकऱ्यांचं गद्य मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिलेलं आहे. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश वाचायला दिला की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात. स्वामित्वहक्काचा प्रश्न नसल्याने हवे ते उतारे छापून वाटता येतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नायक सुधाकर मुलांना ओळखीचा वाटतो. हुशार वकील, मानी स्वभाव, न्यायालयात झालेला अपमान, हातची गेलेली सनद, आणि ते सगळं विसरण्यासाठी घेतलेला पहिला घोट. असा काका-मामा वर्गातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी असतो. आपल्यासारख्याच माणसावर संकट आलं की भीती उपजते, असं ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सांगतो. ती भीती ‘एकच प्याला’ शिकवताना आपोआप येते, समजावून सांगावी लागत नाही.

तरीही पहिलं नाटक म्हणून मला ते अडचणीचं वाटत आलं आहे, आणि ती अडचण दर वर्षी त्याच जागी येते. पहिला अंक संपेपर्यंत मुलांचं तात्पर्य काढून झालेलं असतं : दारू वाईट. पुढचे चार अंक त्यांच्या लेखी त्या वाक्याचे पुरावे. वह्यांमध्ये ‘नायकाचा प्रमाद’ (त्याचा घात करणारी चूक) या मथळ्याखाली एकच शब्द असतो, ‘व्यसन’. नाटकावर टिपण लिहायला सांगावं तर व्यसनमुक्तीचा निबंध हाती येतो. मुलांचा यात फारसा दोष नाही, नाटकातच उपदेश करणारा रामलाल आहे आणि मद्यपानावरची लांबलचक भाषणंही आहेत. गडकऱ्यांना ते सांगायचंच होतं. पण शोकांतिकेची परिभाषा शिकवायची असेल तर इथे घोडं अडतं.

कारण ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल नेमकं उलट सांगतो. नायक फार सज्जन नको, दुर्जनही नको. त्याचा ऱ्हास दुर्गुणामुळे किंवा नीचपणामुळे होऊ नये, काही एका प्रमादामुळे व्हावा. करुणा वाटते ती ज्याच्या वाट्याला न शोभणारं दुःख येतं त्याच्याबद्दल. आता वर्गातलं मत जर ‘प्यायला, म्हणून भोगलं’ असं झालं, तर सुधाकरबद्दलची करुणा तिथेच संपते. उरते ती सिंधूबद्दलची, आणि ती इतकी उत्कट असते की नाटकाचा नायक कोण, हाच प्रश्न निसटतो. सुधाकरचा खरा प्रमाद त्याच्या मानीपणात आहे, दारू हा त्याचा परिणाम, असं मी पुन्हा पुन्हा मांडतो. दोन-तीन जणांना ते पटतं. बाकीच्यांना वाटतं, सर दारूची बाजू घेत आहेत.

दुसरी बाब किरकोळ, पण शिकवताना जाणवते. सुधाकर एकदाच कोसळत नाही. तो घसरतो, सावरतो, सोडण्याचा निश्चय करतो, पुन्हा वळतो. माणूस व्यसनात असाच बुडतो, त्यामुळे हे चित्रण खरं आहे. पण ‘इथे बघा, स्थितिविपर्यास इथे झाला’ असं बोट ठेवायला, म्हणजे नायकाची स्थिती एकदम उलटते असं दाखवायला, एक ठिकाण सापडत नाही.

‘ईडिपस’मध्ये ते बोट ठेवता येतं. ॲरिस्टॉटलनेही ते ठेवलं आहे, कॉरिंथच्या दूताच्या प्रवेशावर. पूर्ण नाटक वाचायला वेळ नसेल तर एवढा प्रवेश तरी चौघांकडून वाचून घ्या. थीब्जचा राजा ईडिपस याच्याकडे दूत आनंदाची बातमी घेऊन येतो : तुझा बाप राजा पॉलिबस वारला, आता कॉरिंथची गादी तुझी. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, या भाकितातला पहिला भाग खोटा ठरला म्हणून ईडिपस सुटकेचा निःश्वास सोडतो, पण आई जिवंत आहे, तिची भीती अजून बाकी. दूत भला माणूस आहे. ती भीतीही घालवावी म्हणून तो सांगून टाकतो की पॉलिबस आणि मेरोपी तुझे आईबाप नव्हेतच, सिथेरॉन डोंगरावर थीब्जचा आधीचा राजा लेयस याच्या धनगराकडून मीच तुला घेतलं, तुझे घोटे टोचलेले होते.

या वेळी मी वाचन थांबवतो आणि फळ्यावर चार रकाने पाडतो : दूत, ईडिपस, जोकास्टा (लेयसची विधवा, आता ईडिपसची राणी), प्रेक्षक. या क्षणी कुणाला काय माहीत आहे ते मुलांनी येऊन लिहायचं. प्रेक्षकांचा रकाना आधीच भरलेला असतो, कारण मी गोष्ट पहिल्याच तासाला सांगून टाकलेली असते. अथेन्सच्या प्रेक्षकांनाही ती ठाऊकच होती. दूताला अर्धं माहीत आहे आणि त्याचा अर्थ त्याला कळत नाही. ईडिपसचा रकाना जवळजवळ रिकामा. मग कुणीतरी विचारतं, जोकास्टा बोलत का नाही? ती रंगमंचावरच उभी आहे, सगळं ऐकते आहे, आणि कितीतरी ओळी गप्प आहे. ईडिपस आपलाच मुलगा आहे, हे तिला कळलं आहे. पुढे ती तोंड उघडते तेव्हा, चौकशी थांबव, एवढीच विनवणी करते. ती आत निघून गेल्यावर ईडिपसला वाटतं, माझं कूळ हलकं निघेल म्हणून राणीला लाज वाटते आहे.

नाट्यगत उपरोध (पात्राला ठाऊक नसलेलं प्रेक्षकाला ठाऊक असणं), स्थितिविपर्यास, अभिज्ञान (अज्ञानातून ओळख पटणं) या तिन्ही संज्ञा एवढ्या एका प्रवेशात येतात, आणि व्याख्या मुलंच सांगतात. दूत भीती घालवायला आला होता आणि त्याच्याच बोलण्याने ती खरी ठरली, हे सांगता आलं की विपर्यास कळला. माझ्यापुरतं तरी, सगळा वर्ग एकदम शांत होताना मी पाहिला आहे तो याच ठिकाणी.

‘ईडिपस’चेही त्रास आहेत. ग्रीक नावं पहिले दोन तास अडखळायला लावतात. आईशी लग्न या गोष्टीवर कुजबुज होते. ती दाबण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सरळ बोललेलं बरं. वृंदाची गीतं वाचताना वर्ग कंटाळतो. त्यावर ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची भिंत आठवून द्यायची, गाते, नाचते, भाष्य करते आणि आडोसाही होते. वृंद म्हणजे काय हे मग वेगळं सांगावं लागत नाही. भाषांतर निवडताना दोन-चार पानं मोठ्याने वाचून बघा. जे जिभेवर बसत नाही ते कितीही काटेकोर असलं तरी वर्गात चालत नाही.

मुलं इथेही एक झटपट उत्तर देतात : नशिबातच होतं, त्यात त्याचा काय दोष? पण ‘दारू वाईट’ने चर्चा संपते, आणि या उत्तराने ती सुरू होते. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, एवढंच भाकीत होतं. ते तुला कळेल असं देवाने कुठेही म्हटलेलं नाही. थीब्जमध्ये रोगाची साथ आली म्हणून लेयसच्या खुन्याला शोधायचं ईडिपसने ठरवलं, खुन्याला शाप त्याने दिला, आंधळ्या द्रष्ट्या टायरेसियसला बोलतं त्याने केलं, जोकास्टा पाया पडत असताना धनगराला बोलावणं त्यानेच धाडलं. नाटकातली प्रत्येक कृती त्याची स्वतःची आहे. मग प्रमाद कोणता? तीन रस्त्यांच्या तिठ्यावर लेयसला मारताना आलेला संताप? सत्याचा हट्ट? की निव्वळ अज्ञान? यावर वर्गात भांडणं होतात आणि तास संपला तरी थांबत नाहीत. घरी पत्रिका बघितली जाणारी मुलं डेल्फीच्या मंदिरातल्या भाकिताबद्दल जास्त पोटतिडकीने बोलतात, असंही माझ्या लक्षात आलं आहे.

अभ्यासक्रम मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा असेल तर अर्थातच ‘एकच प्याला’ घ्या, त्याला पर्याय नाही. वर्ग अगदीच नवखा असेल, मोठ्याने वाचायची कुणाला सवय नसेल, तरीही गडकऱ्यांची भाषा तो वर्ग लवकर बोलता करील. कदाचित तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळाही असेल. पण नाटकाबरोबर त्याची परिभाषा द्यायची असेल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर मी ‘ईडिपस’पासून सुरुवात करीन. साधारण दीड हजार ओळींचं नाटक आहे, आठवडाभरात सगळं वाचून होतं.

आणि शेवटचे दोन तास उरलेच, तर ‘एकच प्याला’चा फक्त पाचवा अंक घ्यावा. मूल गेलेलं आहे, सिंधू मरणाच्या दारात आहे आणि नवऱ्यावर ठपका येऊ नये म्हणून खोटं सांगते आहे. इथे कुणाला काय कळलं आणि केव्हा कळलं, एवढंच विचारायचं. फळ्यावरचे चार रकाने तोवर मुलांच्या सवयीचे झालेले असतात आणि दारूचा विषय बहुधा कुणी काढत नाही.