स्टिकरखाली लपवलेला बोर्ड: जुना स्नोबोर्ड घेताना झालेली माझी फसवणूक

गेल्या डिसेंबरात मी 340 डॉलर मोजून एक जुना स्नोबोर्ड घेतला. संध्याकाळी सहाच्या अंधारात, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, विकणाऱ्याच्या गाडीच्या डिकीतून. विकणारा मराठी होता आणि आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरचा होता. म्हणून मी बोर्ड उलटा करून नीट पाहिला नाही. हे लिहायचं कारण एवढंच की तो माणूस अजून बोर्ड विकतो आहे.

आम्ही डेन्व्हरला येऊन सहा वर्षं झाली. मी साताऱ्याची. बर्फावरून घसरायला शिकेन असं कधी मनातही आलं नव्हतं, पण मुलाला क्लासला नेता नेता मीही शिकले. दोन हिवाळे भाड्याच्या बोर्डावर जवळच्या लव्हलँड स्की एरियाच्या सोप्या उतारांवर काढले. तिसऱ्या हिवाळ्यात ब्लू रनवर, म्हणजे मध्यम अवघड उतारावर, टो-एज आणि हील-एज, म्हणजे बोर्डाची पंजाकडची आणि टाचेकडची स्टीलची कड, अशी दोन्हीकडची वळणं सलग जोडता यायला लागली. म्हणजे इंटरमीजिएट. याच टप्प्यावर माणसाला स्वतःचा बोर्ड हवासा वाटतो. अगदी नवशिके भाड्याने घेतात, मुरलेल्यांना बोर्ड हातात घेताच कळतो, आणि मधली आमच्यासारखी माणसं वाचलेल्या माहितीवर आणि समोरच्याच्या शब्दावर विकत घेतात. फसवणाऱ्याला हीच माणसं हवी असतात.

मला काय हवंय ते मी ठरवलं होतं. ऑल-माउंटन बोर्ड, म्हणजे रोज सपाट केलेल्या उतारावर चालेल, रात्री बर्फ पडला तर त्यातही बुडणार नाही आणि खाचखळग्यांत घाबरवणार नाही असा, सगळीकडे थोडाथोडा चालणारा. फ्लेक्स, म्हणजे बोर्डाचा कडकपणा, मध्यम, कंपन्यांच्या दहाच्या मापावर पाचच्या आसपास. फार मऊ बोर्ड वेग आला की थरथरतो आणि फार कडक बोर्ड छोटीशी चूकही पोटात घालत नाही. दोन पायांच्या मधे कॅम्बर, म्हणजे वर उचललेली कमान, हवा होता, कारण पहाटे कडक झालेल्या बर्फावर एज त्यानेच धरते. लांबी माझ्या 58 किलो वजनाला 147 ते 150 सेंटिमीटर. लांबी उंचीवरून ठरवतात असं पुष्कळ जण सांगतात, पण खरा हिशेब वजनाचाच. आणि बोर्डाची कंबर, म्हणजे मधली रुंदी, 24 सेंटिमीटरच्या जवळपास. माझा बूट अमेरिकन बायकांच्या मापात सात आहे.

हे सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं. तरी फसले.

ग्रुपवर फोटो आला: ‘ऑल-माउंटन बोर्ड, बाइंडिंगसकट, जेमतेम पंधरा दिवस वापरलेला.’ बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे. सोबत कंपनीच्या वेबसाइटवरच्या एका मॉडेलची लिंक. ती उघडली तर माझ्या कागदावरचं जवळजवळ सगळं त्यात होतं. रंगही फोटोतल्यासारखाच, काळा आणि फिरोजी. नवा साडेपाचशेचा, बाइंडिंगचे वेगळे. मी फोन केला. माणूस बोलायला फार गोड. ‘ताई, बायकोसाठी घेतला होता, आता तिला दिवस गेलेत, दोन वर्षं तरी ती डोंगरावर जाणार नाही. परक्याला विकण्यापेक्षा आपल्या माणसाकडे जाऊ दे.’ मी लांबी विचारली. 155 म्हणाला. मला लांब होईल म्हटलं, तर म्हणाला, ‘ताई, ते वेबसाइटवरचे आकडे सोडा हो. तुम्ही आता शिकताय, वर्षभरात लहान बोर्ड अपुरा पडेल. थोडा मोठा घेतला की स्पीडला स्थिर राहतो.’

हे वाक्य नीट वाचा, कारण त्यात अर्धं खरं आहे. लांब बोर्ड वेगात स्थिर राहतो, हे खरंच. पण तो वळवायलाही तेवढाच जड जातो.

पार्किंगमध्ये थंडी उणे आठ होती. हातमोजे काढवत नव्हते. त्याने बोर्ड डिकीतून अर्धाच बाहेर काढला, वरची बाजू दाखवली, मोबाइलचा उजेड टाकला. टॉपशीटवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या थरावर, चार मोठे स्टिकर होते, त्यातला एक पुढच्या बाइंडिंगच्या पुढे आणि एक शेपटाजवळ. ‘बायकोला स्टिकरची हौस,’ म्हणाला. खालची बाजू क्षणभर दाखवली. काळाभोर बेस चकचकत होता. ‘कालच वॅक्स केलाय, लगेच घेऊन जा डोंगरावर.’ त्या चकाकीने मला भूल पडली. मी तिथेच फोनवरून पैसे पाठवले. पावती मागितली नाही. आपल्या माणसाकडे पावती कशी मागायची, असं वाटलं.

पहिले तीन दिवस मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. टो-एजवर जायला जोर लावावा लागायचा. पोटऱ्या भरून यायच्या. जरा वेग आला की पुढचं टोक फडफडायचं. मी नवऱ्याला म्हटलं, मी मागे चाललेय, पुन्हा क्लास लावते. हे मला आजही लागतं. तीन दिवस आणि तीन तिकिटांचे पैसे मी स्वतःला दोष देण्यात घालवले.

चौथ्या दिवशी आम्ही कॉपर माउंटनला गेलो. त्या डोंगराची ठेवणच अशी आहे की सोपे उतार पश्चिमेला, मधले मधे आणि अवघड पूर्वेला. मी मधल्या भागातल्या एका ब्लू रनवर होते. सकाळचे साडेनऊ, बर्फ फरशीसारखा कडक. टो-एजवर वळताना पायाखाली ‘खर्र’ असा आवाज झाला, पुढचं टोक कशात तरी अडकलं आणि मी उजव्या मनगटावर पडले. उठून पाहिलं तर पुढच्या पायाच्या थोडी पुढे स्टीलची एज बोर्डापासून सुटून बाहेर आली होती, जवळजवळ वीतभर. मनगट मुरगळण्यावर निभावलं. त्या वेळी माझ्या मागे माझा अकरा वर्षांचा मुलगा येत होता आणि ते सुटलेलं पोलाद त्याच्या बाजूला होतं.

दुसऱ्या दिवशी बोर्ड ट्यूनिंगच्या दुकानात नेला. टेबलावरचा म्हातारा कारागीर आधी काहीच बोलला नाही. बाइंडिंग काढली, बोर्ड उलटा ठेवला आणि एक सरळ स्टीलची पट्टी बेसवर आडवी धरून मागून दिवा लावला. चांगल्या बेसवर पट्टीखालून उजेड येत नाही. इथे मधोमध रुंद पट्टा उजळला. मग त्याने स्क्रेपरने वॅक्स ओढायला सुरुवात केली. काळं मेण सालपटासारखं निघत गेलं आणि त्याखाली माझ्या तळहाताएवढा एक डाग उघडा पडला, बेसपेक्षा वेगळ्या काळ्या रंगाचा. त्याने नखाने टोचलं तर कडक, काचेसारखं. ‘इपॉक्सी,’ म्हणाला, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद. दगडावर आपटून बेस फाटून आतल्या लाकडापर्यंत गेला होता, ती जखम भरून वर मार्कर आणि मेण फासलं होतं. सुटलेली एज सुपरग्लूने चिकटवली होती. त्याने बोर्ड उभा धरून त्या फटीजवळ अंगठ्याने दाबलं, आणि फटीतून पाण्याचा एक थेंब बाहेर येऊन टेबलावर पडला.

तो थेंब मी विसरणार नाही. लाकडी गाभ्यात पाणी शिरलं की रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, पुन्हा गोठतं. प्रत्येक वेळी थर आणखी सुटतात. असा बोर्ड वरून कितीही चमकवला तरी आतून कुजत असतो.

मग स्टिकर. हेअर ड्रायरने गरम करून काढले. शेपटाजवळच्या स्टिकरखाली बारकोड खरवडल्याची खूण आणि कोरलेला चार आकडी नंबर होता. भाड्याच्या दुकानाचा बोर्ड. दुसऱ्याखाली लांबी छापलेली होती आणि पुढे रुंद बोर्डाचा ‘डब्ल्यू’. कंबर मोजली, 26 सेंटिमीटर. म्हणजे मोठ्या पायाच्या पुरुषासाठीचा. माझा बूट त्यावर दोन्ही काठांच्या इतका आत राहत होता की पंजाने दिलेला दाब एजपर्यंत धड पोचतच नव्हता. पोटऱ्या उगाच भरून येत नव्हत्या. पुष्कळ कंपन्या भाड्याच्या दुकानांसाठी वेगळे बोर्ड बनवतात: मऊ, जाड एजचे, दुरुस्तीला सोप्या एक्स्ट्रूडेड, म्हणजे साध्या प्लॅस्टिकच्या, बेसचे. शिकणाऱ्यासाठी ते चांगलेच असतात. हा त्यातलाच होता आणि लिंकमधल्या मॉडेलशी त्याचा फक्त रंग जुळत होता. कॅम्बर तर नव्हताच. सपाट जमिनीवर ठेवला की कॅम्बरचा बोर्ड मधे कमान करून उभा राहतो, खालून कागद आरपार सरकतो. माझा चटईसारखा पसरला.

त्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं, ‘ताई, तुम्ही बघून घेतला होतात.’ मग, ‘तुम्हीच दगडावर नेला असेल.’ मी नंबर कोरल्याचा फोटो टाकला, त्यानंतर उत्तर नाही. दोन दिवसांनी तो ग्रुपमधून बाहेर पडला. बँकेत विचारलं तर म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आता परत ओढता येत नाहीत. कोलोरॅडोत 7,500 डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, वकिलाशिवाय जाता येतं. पण नोटीस पोचवायला पत्ता लागतो, आणि माझ्याकडे होता फक्त एक फोन नंबर आणि पार्किंगची जागा. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा आणखी दोघांनी सांगितलं की त्यांनीही त्याच्याकडून बोर्ड घेतलेत. एकाने तेरा वर्षांच्या मुलीसाठी. दोन्हींवर स्टिकर. आणि दोघांनाही सांगितलेली गोष्ट तीच, दिवस गेलेल्या बायकोची.

म्हणून कळकळीने सांगते. जुना बोर्ड दिवसाउजेडी बघा. तोही घरी किंवा दुकानात, जिथे माणसाचा पत्ता कळेल. बेसवर ताजं वॅक्स असेल तर ते प्लॅस्टिकच्या कार्डाने तुमच्यासमोर खरवडायला सांगा. खरा विकणारा हरकत घेणार नाही. मुलाच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी पुरते, मागे मोबाइलचा टॉर्च धरायचा. एजवरून नख फिरवत पूर्ण फेरी मारा, जिथे नख फटीत शिरेल तिथे थांबा, तिथे अंगठा दाबून बघा. टॉपशीटवर बोटांच्या सांध्यांनी टकटक करा. थर सुटले असतील तिथे आवाज पोकळ येतो, पिकलेलं कलिंगड वाजवून बघतो तसा फरक कळतो. बाइंडिंग काढायला लावा आणि स्क्रू पुन्हा बसवून बघा. माझ्या बोर्डाचा एक इन्सर्ट, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो ती धातूची खोबण, आतल्या आत फिरत होता, म्हणजे तो पायही कधीतरी निसटलाच असता. स्टिकर असतील तर खाली काय आहे ते सरळ विचारा. कंबर टेपने मोजा. लिंकवर विसंबू नका, समोरच्या बोर्डावरचं मॉडेलचं नाव आणि सीरियल नंबर वाचा. मूळ पावती मागा. कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या गिऱ्हाइकापुरतीच असते, पण पावतीवरून निदान बोर्ड कुठून आला ते कळतं. पैसे देताना खरेदी म्हणून द्या, ओळखीतल्या माणसाला पाठवल्यासारखे नकोत.

ओरखडे असलेला बोर्ड घेऊ नका असं मी म्हणत नाही. वरवरचे ओरखडे, गंजाची पुसट रेघ, टॉपशीटवरचे टवके हे सगळं दुरुस्त होतं किंवा चालतं. पाय ठेवण्याच्या जागेजवळ एज तुटलेला, गाभ्यात पाणी गेलेला बोर्ड चालत नाही, मग तो वीस डॉलरला मिळो.

कारागिराने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, हा कुणाला देऊ नका. आम्ही आधी तो कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला होता. मग माझ्याच लक्षात आलं की इथे अशा वस्तू लोक उचलून नेतात, आणि हा कुणीतरी मुलासाठीच नेईल. रात्री नवऱ्याने गॅरेजमध्ये करवत काढली आणि पुढच्या बाइंडिंगच्या जागेवरून तो कापला. आतलं लाकूड दिसलं. मधे पिवळसर, कोरडं. टो-एजकडे दोन बोटं रुंद काळं पडलेलं, आणि हात लावला तर अजून ओलं.