टेंडरवाल्या वकील मॅडम, कॅनडा कॉर्नर, नाशिक

माझं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. रेलिंग, पथदिव्यांचे खांब. गिऱ्हाईक बहुतेक सरकारी, म्हणजे अर्धं वर्ष बिलामागे फिरण्यात जातं. मार्चमध्ये एका नगरपालिकेची नोटीस आली: काम चार महिने लांबलं, तीन वर्षं काळ्या यादीत का टाकू नये, सात दिवसांत खुलासा करा. आमचे नेहमीचे वकील जमिनीचे दावे लढणारे. ते म्हणाले, थेट हायकोर्टात रिट टाकू, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्धची याचिका. मेहुण्याने मला या मॅडमकडे धाडलं.

मॅडमची उमेदीची वर्षं मुंबईत फोर्टला गेली. रस्त्यांच्या, वीज प्रकल्पांच्या कंपन्या आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँका, यांचे करार. मला वाटलं, यांना माझं रेलिंग काय कळणार! पण पहिला प्रश्नच असा, "साइट ताब्यात कधी मिळाली?" वर्क ऑर्डर जूनची, जुनं रेलिंग उखडून जागा मोकळी झाली सप्टेंबरअखेर. ज्युनिअर इंजिनिअरचे व्हॉट्सॲप मेसेज आणि एमबीतली (झालेल्या कामाचं मोजमाप लिहितात ते मेजरमेंट बुक) पहिली नोंद, दोन्ही त्यांनी काढायला लावलं.

रिटला साफ नाही म्हणाल्या. ही नुसती नोटीस आहे, निर्णय कुठे झालाय? बाजू ऐकल्याशिवाय काळ्या यादीत टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७४ सालीच सांगून ठेवलंय. तेव्हा आधी आपली बाजू त्यांच्या फाइलला लागू दे. खुलासा साडेतीन पानांचा झाला. शेवटी सुप्रीम कोर्टाच्याच २०१३ च्या निकालाचा दाखला, की शिक्षा चुकीच्या मानाने हवी. दीड महिन्याने 'समज देऊन प्रकरण बंद' असं पत्र आलं. उशिरासाठी बिलातून कापलेला दंड मात्र अजून अडकलेला आहे.

थकलेल्या बिलाचं विचारलं तिथे माझा फुगा फुटला. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे, लघुउद्योगांच्या कायद्याने बिलाला ४५ दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हे मला तोंडपाठ. पण माझी ऑर्डर माल पुरवून बसवून देण्याची, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, आणि अशा कामांना तो कायदा लागत नाही असे मुंबई हायकोर्टाचे निकाल आहेत. हे टेंडर भरताना बघायचं असतं, म्हणाल्या. वीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

फी ३०,००० रुपये, सगळी आगाऊ. खुलाशासाठी जड वाटली, पण दिली. ईमेल सगळे इंग्रजीत, मुलीकडून वाचून घ्यावे लागले. फोन त्या उचलत नाहीत, संध्याकाळी ज्युनिअर उलट फोन करतो. खाली गाडी लावायला जागा नाही. एक तारा त्यासाठी कमी.

सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या तिथे ठेकेदारांची रांग असते, आठवडाभर आधी वेळ घ्या. आणि एमबीची झेरॉक्स न्या, नाहीतर परत पाठवतात. मला पाठवलं होतं.