रात्रीच्या गळाला बाइट अलार्म : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

बाइट अलार्म, म्हणजे मासा गळ ओढायला लागला की वाजणारं यंत्र, घ्यायचा असेल तर आवाज किती मोठा आणि बटणं किती यावर जाऊ नका. तो गप्प किती बसू शकतो ते आधी बघा. दिवाळीनंतर चार अलार्म आणि एक रिसीव्हर (अलार्मसोबत लांबूनही वाजणारी, खिशात मावणारी डबी) असा सेट मागवला, पुष्कळसा उजनी धरणाच्या फुगवट्यावर आणि थोडाफार भाटघरला वापरला, आणि आता भर पावसात हे लिहितोय.

याआधी घंटीच होती. रॉडच्या टोकाला चिमट्याची घंटी अडकवायची आणि अंधारात कान देऊन बसायचं. घंटीला नावं ठेवणार नाही, किरकोळ पैशांत काम होतं. पण उजनीवर वारं सुटलं की सगळ्या घंट्या एकदम किणकिणायला लागतात. कुठल्या रॉडवर काय चाललंय ते टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही.

अलार्मचं गणित वेगळं. रीळ आणि रॉडची पहिली कडी यांच्यामध्ये तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) एका छोट्या चाकावरून जातो. चाकात इवलीशी चुंबकं, त्याला लागून आत सेन्सर. तंगूस सरकला, चाक फिरलं, की ‘पी’. मासा कुठल्याही बाजूला निघाला तरी आवाज येतो, आणि दिवा काही सेकंद पेटलेला राहत असल्याने झोपेतून उठल्यावरही कुठला रॉड ते दिसतं. दुसऱ्या जातीचे अलार्म तंगुसाची थरथर पकडतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मित्राने तसा एक आणला होता. मासा नुसता आमिषाशी खेळत असला तरी तो सांगतो, यात वाद नाही. पण पावसाचे टपोरे थेंब तंगुसावर पडायला लागले तसा तोही चिवचिवायला लागला, मग मित्राने त्याची संवेदनशीलता इतकी उतरवली की माझ्या चाकवाल्यात आणि त्यात फरक उरला नाही. किमतीत मात्र कितीतरी पट.

मुळात हे यंत्र इंग्लंडमधल्या कार्प मासे पकडणाऱ्यांचं. तिथले नामवंत गळवाले रिचर्ड वॉकर यांनी १९५०च्या दशकात असा विजेवर वाजणारा अलार्म पहिल्यांदा वापरात आणला. तिथली कार्पची तळी लहान आणि बऱ्यापैकी निवांत. आपल्याकडे धरणाचं पाणी मैलोनमैल मोकळं, त्यावर वारा, लाटा, आणि खाली चिलापी (तिलापिया मासा). उजनीत चिलापी किती झालीय ते तिथे गळ टाकणाऱ्याला सांगायला नको. कणकेची गोळी टाकली की ही मंडळी टोचून टोचून पाच मिनिटांत गरी मोकळी करतात आणि तेवढा वेळ अलार्म ‘पी... पी... पीपी’ करत राहतो. म्हणून मी संवेदनशीलता बहुतेक वेळ खालच्या टप्प्यावर ठेवतो. चांगल्या अलार्ममध्ये हे टप्पे खरोखर वेगळे लागतात. दुकानात गेलात तर तंगूस हाताने हळूच ओढून बघा. सगळ्यात खालच्या टप्प्यावर तो बऱ्यापैकी सरकल्याशिवाय अलार्म वाजू नये. माझ्या सेटमधल्या एकात पहिले तीन टप्पे सारखेच निघाले. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं नाही. आता तो कडेच्या रॉडला असतो.

अर्थात नुसत्या बटणाने चिलापी थांबत नाही. कणीक सोडून उकडलेला टणक मका हेअर रिगवर (गरीबाहेर लोंबणाऱ्या बारीक दोऱ्यावर) लावला आणि शिसं ऐंशी-नव्वद ग्रॅमचं घेतलं, तेव्हापासून अलार्म कामाचा वाटायला लागला. मोठा मासा मका तोंडात घेऊन निघतो, वजनाने गरी रुतते, तो बिथरून पळतो आणि अलार्म सलग ओरडतो. तो सलग आवाज आणि चिलापीची टोचणी यात गफलत होणं शक्यच नाही. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला चरणारे, त्यांच्यासाठी हा जुगाड एक नंबर. कटल्याला मात्र याचा विशेष उपयोग नाही. तो वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी फ्लोट लावून डोळ्यांनीच बघत बसावं.

सायप्रिनस कधी कधी उलटा, काठाकडे येतो. तंगूस सैल पडतो आणि चाकावर नुसता लोंबत राहतो, चाक हलत नाही. यावर उपाय म्हणजे अलार्म आणि रीळ यांच्यामध्ये तंगुसाला छोटं वजन लटकवायचं. विकत स्विंगर मिळतात. जुनी मंडळी कणकेचा गोळा चिकटवतात तोही चालतो, फक्त मुंग्या येतात. मी बाटलीच्या झाकणात शिसं भरून घरीच बनवलं. वजन खाली गेलं की चाक उलटं फिरतं. महागड्या अलार्ममध्ये उलट्या चाकाला वेगळा सूर असतो. माझ्यात नाही, पण झाकण खाली गेलेलं दिसलं की कळतंच.

आता सगळ्यात त्रासाची गोष्ट. मार्चमध्ये एक अलार्म मुका झाला. सेल बदलले, तरी ढिम्म. घरी आणून चाक काढलं तर चुंबकाच्या जागी काळ्या वाळूच्या मिशा फुटलेल्या. आपली वाळू बसाल्टची, त्यात मॅग्नेटाइटचे कण भरपूर, ते चुंबकाला चिकटत चिकटत चाक जाम करून बसले होते. जुन्या टूथब्रशने खरवडलं, चिकटपट्टीने उरलेले कण उचलले, चाक फुंकरीने फिरायला लागलं. तेल अजिबात घालू नका, त्यावर आणखी धूळ बसते. घेतानाच चाक स्क्रू न उघडता निघतं का ते तपासा. धरणाच्या काठावर टॉर्च तोंडात धरून बारीक स्क्रू शोधायची वेळ येऊ नये.

सेलचंही बघा. जुन्या आणि स्वस्त अलार्मना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, ती भिगवणच्या पुढे आडगावात मिळेल याचा भरवसा नाही. रिमोटचे सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. पावसात झाकणाचं रबर नीट बसलंय का तेही महत्त्वाचं. भाटघरला जूनमध्ये रात्रभर झोडपलं, माझ्या चारांपैकी तिघांना काही झालं नाही, चौथ्याच्या काचेआड वाफ धरली पण तो वाजत राहिला.

रिसीव्हर ही चैन आहे, पण एकदा सवय लागली की सुटत नाही. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं समजा. मधे उंचवटा आला किंवा गाडीत काचा लावून बसलात की बरंच कमी होतं. तंबूत उशाशी कंपनावर ठेवला की शेजारच्यांची झोप मोडत नाही. एक गंमत मात्र झाली. मित्राने बघून बघून तोच सेट घेतला आणि त्याचा मासा माझ्या खिशात वाजायला लागला. दोन्ही सेट नव्याने जोडून घेतल्यावर थांबलं. ही जोडणी स्वतः करता येत नसेल तर तो सेट घेऊ नका.

अलार्म रॉड धरून ठेवत नाही, हे नव्यांना सांगावं लागतं. रीळ बेटरनरचं (मासा ओढेल तसा तंगूस मोकळा सोडणारं) नसेल तर ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सैल सोडा, नाहीतर अलार्म एकदाच वाजेल आणि रॉड पाण्यात गेलेला असेल. स्टँडचाही विचार हवा. उन्हाळ्यात काठ कडक मुरुमाचा, त्यात सुटी काठी रोवली जात नाही, चौपायी रॉड पॉडच लागतो. अलार्मचा आटा बहुतेक ३/८ इंचाचा असतो, तो तुमच्या पॉडला बसतो का ते आधी विचारा.

खाडीवर जिताडा-तांब हे मासे धरणाऱ्यांनी यात पैसे घालू नयेत असं मला वाटतं. भरती-ओहोटीच्या ओढीने तंगूस सतत सरकतो, अलार्म बंद होत नाही, आणि खाऱ्या हवेत आतले संपर्क गंजतात ते वेगळंच. तिथे घंटीच बरी.

आणि चार अलार्मचा सेट घेण्याआधी धरणावरच्या मच्छीमार संस्थेकडे चौकशी करा. ठेका बहुतेक ठिकाणी त्यांचा असतो, परवानगीचं आणि एका माणसाला किती गळ लावता येतील हेही तिथेच कळतं. दोनच लावायला मिळणार असतील तर दोन सुटे अलार्म घ्या आणि उरलेल्या पैशांत बेटरनरचं रीळ बघा.