डॅलसची वारी आणि आपला देवचार: एका दुसऱ्या भागाचा अनुभव

शार्लेन हॅरिस यांच्या सूकी स्टॅकहाउस मालिकेतलं दुसरं पुस्तक, 'लिव्हिंग डेड इन डॅलस', पावसाच्या तोंडावर वाचायला घेतलं. दिवाळी उलटली तरी ते अजून उशाशीच आहे. मधल्या काळात पुढचे भागही चाळले आणि पुन्हा याच्याकडे वळले. त्यामुळे हे पहिल्या वाचनाच्या भरात लिहिलेलं नाही.

मालिका ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. जपानमध्ये कृत्रिम रक्त तयार होतं, मग व्हँपायर लपणं सोडून उघडपणे समाजात येतात. सूकी ही लुइझियानातल्या एका आडगावच्या बारमधली वेट्रेस. तिला इतरांच्या मनातलं ऐकू येतं. व्हँपायरांचं मन मात्र तिच्यासाठी बंद, म्हणून तिचा व्हँपायर प्रियकर बिल याच्या सहवासात तिला शांत वाटतं. पहिला भाग २००१चा, हा २००२चा, आणि तेरावी, शेवटची कादंबरी २०१३ची.

या भागाची सुरुवातच खुनाने होते. एका पोलीस अधिकाऱ्याच्या, बारच्या आवारात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत स्वयंपाकी लाफायेतचं प्रेत सापडतं. या पुस्तकांवरची टीव्ही मालिका 'ट्रू ब्लड' आधी पाहिलेल्यांना इथे धक्का बसेल, कारण तिच्यात लाफायेत शेवटपर्यंत जिवंत असतो. त्यातला गॉड्रिक हा व्हँपायरही पुस्तकात नाही. पुस्तकात गॉडफ्री आहे, आणि तो बराच काळ्या मनाचा व्हँपायर आहे. २००९चा दुसरा सीझन या कादंबरीवर बेतलेला असला तरी तो बघून पुस्तक वाचल्यासारखं होत नाही.

मला खरी गंमत आली ती मीनॅडमध्ये. ही ग्रीक मद्यदेवतेची वेडी भक्तीण. रात्री रानात फिरते आणि आपला मान मागते. तो न मिळाल्याने ती सूकीची पाठ विषारी नखांनी फाडते आणि तिच्याकरवी तिथल्या व्हँपायरांच्या म्होरक्याला, एरिकला, निरोप धाडते. हे वाचताना आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडचा माणूस लगेच मान डोलावेल. राखणदाराला, म्हणजे देवचाराला, रोट, सोरो (दारू), विडी वेळेवर पोचली पाहिजे, नाहीतर तो वाटेत अडवणारच, असं आजी सांगायची. फरक एवढाच की आपला देवचार गावची राखण करतो. या बाईला राखण वगैरे काही करायचं नसतं. ती फक्त वसुलीला आलेली आहे. परदेशी लेखिकेने असलं पात्र आणून त्याचं काही स्पष्टीकरण देत न बसणं मला फार आवडलं.

मग एरिक सूकीला डॅलसला पाठवतो. तिथला एक व्हँपायर बेपत्ता आहे आणि माणसांची मनं वाचून त्याचा माग काढायचा आहे. व्हँपायरांना शवपेटीतून नेणारी विमान कंपनी, त्यांच्यासाठीचं खास हॉटेल आणि तिथे भेटलेला, सूकीसारखाच मनं ऐकणारा एक पोरगा, हे सगळं झकास जमलंय. सूकी अट घालते की दोषी माणूस सापडला तर त्याला पोलिसांच्या हवाली करायचं, मारायचं नाही. व्हँपायरद्वेष्ट्या पंथाच्या चर्चमध्ये ती शिरते तो भाग तर मी दोनदा वाचला. तिची शक्ती तिथे फारशी कामाला येत नाही, डोकं वापरावं लागतं. (सकाळच्या कदंब बसमध्ये सगळ्यांची मनं ऐकू आली असती तर मी पणजीपर्यंत पोचलेच नसते, हे मात्र नक्की.)

प्रेमकथा? खरं सांगायचं तर इथे ती मागे पडते. बिल गंभीर चेहऱ्याने उभा राहतो, भांडतो, रुसतो. एरिक आला की पान जिवंत होतं. शेवटाकडे तो ज्या लायक्राच्या कपड्यांत येतो, ते दृश्य आठवून मी अजूनही हसते. प्रणयासाठीच पुस्तक उघडणाऱ्यांचा हिरमोड होईल, रहस्यासाठी उघडणाऱ्यांचा नाही.

तरी एक खोट आहेच. डॅलसला गेल्यावर लाफायेतचा खून बराच वेळ बाजूला पडतो आणि मग शेवटी घाईत सुटतो. जणू दोन छोट्या कादंबऱ्या एकत्र शिवल्या आहेत. दुसऱ्या वाचनात गावातल्या माणसांच्या मनातले तुकडे आधीच पेरलेले दिसले, त्यामुळे तक्रार थोडी कमी झाली. पूर्ण गेली नाही.

प्रतीबद्दल: पातळ कागदाचं पेपरबॅक गोव्याच्या पावसात कपाटात ठेवू नका. माझं कडेने फुगलं, पानांना बुरशीचा वास लागला. पुढचे भाग मी ई-बुकमध्येच घेतले. इंग्रजी साधी, बोलीतली आहे, डिक्शनरी फारशी लागत नाही. वाचायचं असेल तर पहिल्या भागापासूनच, नाहीतर सूकी आणि बिलचं नातं अर्धंच कळेल. आणि बिल आवडत असेल, तर तिसऱ्या भागाकडून फार आशा ठेवू नका.