वापरलेल्या .32 रिव्हॉल्व्हरची अंतर्गत दुरुस्ती : ठाण्यातील एका परवानाधारक दुकानाचा अनुभव

शस्त्र परवाना असलेल्यांमध्ये एक समजूत फार घट्ट बसलेली आहे. रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे कपाटात पडून असते, त्यातून मोजक्याच गोळ्या झाडलेल्या असतात, त्यामुळे ते झिजण्याचा प्रश्नच येत नाही, ही ती समजूत. प्रत्यक्षात दुसऱ्या हाताने घेतलेल्या किंवा वारसाहक्काने आलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वाधिक झीज होते ती रिकामेच चाप ओढत बसण्याने, घरच्या घरी केलेल्या ‘सफाई’ने आणि आधीच्या कोणीतरी केलेल्या अर्धवट दुरुस्तीने. ठाणे पश्चिमेला जांभळी नाक्याच्या बाजारापासून थोडे आत असलेल्या एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडे मी माझे कानपूर बनावटीचे .32 रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला दिले होते. ते आता परत मिळाले असून रेंजवर तपासूनही झाले आहे. अशा कामाविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून हे परीक्षण काहीसे सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही. शस्त्रांच्या व्यवहारात ते उचित वाटत नाही.

हे शस्त्र वेब्ली अँड स्कॉटच्या मार्क 4 या मूळ रचनेवर आधारलेले आहे. वरची खिट्टी दाबली की नळी पुढे झुकते, सिलिंडर उघडा पडतो आणि सहाही काडतुसांच्या केसेस एकदम वर उचलल्या जातात. रचना जुनी असली तरी भक्कम आहे. मात्र तिच्यात नळी आणि मूळ चौकट यांना एकत्र धरणारा सांधा व खिट्टी हे दोन कायमचे झिजबिंदू आहेत. शस्त्र हाती घेतल्याबरोबर दुकानातील दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्यांदा तेच पाहिले. त्याआधी त्यांनी ते उघडून सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली, मलाही पाहायला लावले आणि मगच ते टेबलावर ठेवले. शिष्टाचार म्हणून नव्हे, रोजची सवय म्हणून ही गोष्ट होत होती, हे त्यांच्या हालचालींवरून दिसत होते. ज्या दुकानात हे होत नाही तेथून शस्त्र परत घेऊन निघावे, असे माझे मत आहे.

तक्रारी दोन होत्या. घोडा (हॅमर, म्हणजे काडतुसावर आदळणारा भाग) हाताने सावकाश मागे ओढला तर तो पूर्ण चढूनही काही घरांवर सिलिंडर जागेवर अडकत नव्हता, बोटाने हलवल्यावर ‘टक्’ करून बसत होता. दुसरी तक्रार अशी की, खडकीच्या कारखान्याची ‘के. एफ.’ ठशाची चांगली काडतुसेसुद्धा अधूनमधून उडत नव्हती आणि त्यांच्या बुडाच्या टोपीवर, म्हणजे फटका बसताच पेटणाऱ्या भागावर, उथळ खूण दिसत होती. मी आधी नवी मुंबईतील ज्या एका कारागिराला शस्त्र दाखवले होते, त्याने ते उघडून न पाहताच स्प्रिंग बदलण्याचा सल्ला दिला होता. येथे मात्र निदानाला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि या दुकानाची खरी किंमत तेथेच आहे.

सिलिंडरची चाल तपासण्याची त्यांची पद्धत प्रत्येक परवानाधारकाने समजून घेण्यासारखी आहे. चाप झटक्याने ओढला तर फिरणारा सिलिंडर स्वतःच्या वेगानेच पुढे सरकून खाचेत बसतो आणि दोष झाकला जातो. म्हणून डमी काडतुसे भरून, एक बोट सिलिंडरवर हलकेच टेकवून घोडा अगदी सावकाश चढवायचा असतो. घोडा पूर्ण चढण्यापूर्वी किंवा निदान त्याच क्षणी सिलिंडर जागेवर कुलूपबंद झाला पाहिजे. तसे न झाल्यास घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळी नळीच्या सिलिंडरकडच्या तोंडाशी घासून शिसे बाजूला उडते आणि ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरही येऊ शकते. ही चाचणी सहाही घरांवर स्वतंत्रपणे करावी लागते, कारण निष्कर्ष त्यातूनच निघतो. सगळीच घरे उशिरा बसत असतील तर सिलिंडर ढकलणारी छोटी पोलादी पट्टी, जिला कारागीर ‘हँड’ म्हणतात, ती झिजलेली असते. एखाद-दुसरेच घर मागे राहत असेल तर सिलिंडरच्या मागच्या दातेरी चक्राचा तेवढाच दाता खराब असतो. माझ्या शस्त्रात सहाही घरे उशिरा बसत होती आणि त्यांतील दोन तर बसतच नव्हती. अर्थात, पट्टी झिजलेली होतीच, शिवाय दोन दात्यांशी कोणीतरी पूर्वी कानशीने खेळलेले होते.

येथे दोन मार्ग होते. जुन्या पट्टीचे टोक ठोकून लांबवणे हा स्वस्त मार्ग आहे आणि अनेक ठिकाणी तोच वापरला जातो. पण अशा भागांचा पृष्ठभाग उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेला असतो; ठोकून लांबवलेले टोक पुन्हा लवकर झिजते, तर दाते कानशीने घासले की तो कठीण थर निघून जातो आणि आतला मऊ पोलाद उघडा पडतो. मी दात्यांबद्दल विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “साहेब, दाता घासून आज चालवून देतो, पण पुढच्या खेपेला घासायला काही उरणार नाही.” त्यांनी नवी, किंचित जाड पट्टी घेतली आणि दात्यांना हात न लावता ती पट्टीच थोडी थोडी घासून सहाही घरांशी जुळवली. सर्वांत मागे राहणाऱ्या घरावर ती आधी बेतायची आणि मग बाकीच्या घरांवर चाप जड होत नाही ना हे पाहायचे, असा क्रम होता. महाग, न मिळणारा भाग जपायचा आणि स्वस्त, बदलता येणारा भाग झिजू द्यायचा, ही दृष्टी मला या दुकानात सर्वत्र दिसली.

उथळ खुणेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची निघाली. घोड्याला जोर देणारी मेन स्प्रिंग खरोखरच अशक्त होती. चाप हलका व्हावा म्हणून पूर्वी कोणीतरी ती एका बाजूने घासली होती. पण मिस्त्रींनी तिला शेवटी हात लावला. सिलिंडर मागेपुढे हलत असेल तर घोड्याचा फटका बसताच तो काडतुसासकट पुढे सरकतो आणि फटक्याचा बराचसा जोर तेथेच जिरतो. हे हलणे मोजायचे कसे, तेही त्यांनी दाखवले. सिलिंडर एकदा पुढे आणि एकदा मागे दाबून धरायचा आणि दोन्ही वेळा त्याच्या व नळीच्या मधल्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याची, ठरावीक जाडीची पाती घालायची; दोन मापांमधला फरक म्हणजे सिलिंडरचे हलणे. माझ्या शस्त्रात पुढे दाबल्यावर 0.02 मि.मी.चे पाते जेमतेम जात होते आणि मागे दाबल्यावर 0.18 मि.मी.चे सहज. ही फट साधारणपणे 0.10 ते 0.20 मि.मी. असणे ठीक मानतात आणि हलणे 0.08 मि.मी.च्या आत असावे लागते. पातळ पोलादी वॉशर घातल्यानंतर मापे 0.14 आणि 0.18 आली. एवढ्याने टोपीवरची खूण स्पष्टपणे खोल झाली. त्यानंतर स्प्रिंग बदलली आणि घोड्याच्या टोकावरचा, टोपीवर आदळणारा भाग तपासून तसाच ठेवला. स्प्रिंग आधी बदलली असती तर चाप विनाकारण जड झाला असता आणि मूळ दोष आतच राहिला असता.

आणखी एक तपासणी त्यांनी न सांगता केली. चढवलेल्या घोड्यावर अंगठ्याने पुढच्या दिशेने दाब देऊन तो चाप न ओढता सुटतो का, हे पाहायचे असते. तो सुटत असेल तर चढलेला घोडा ज्यात अडकून राहतो ती खाच झिजलेली आहे आणि ते शस्त्र बाळगण्याच्या लायकीचे नाही. माझे शस्त्र यात उत्तीर्ण झाले. व्हिडिओ पाहून ही खाच घरी दगडावर घासून ‘गुळगुळीत’ करणाऱ्यांविषयी मिस्त्रींनी जे शब्द वापरले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत, मात्र मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत दुकान काटेकोर आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दुरुस्तीसाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो येथे ग्राहकाला वाचता येईल अशा जागी भिंतीवर लावलेला आहे. माझा मूळ परवाना, त्यावरील यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) आणि शस्त्राचा क्रमांक ताडून नोंदवहीत नोंद झाली आणि पावतीवर कामाचे स्वरूप लिहून मिळाले. मी चौकटीला पुन्हा काळा मुलामा देण्याविषयी विचारले असता, क्रमांकाच्या जवळ बफिंग करणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे कलम 8 नुसार निषिद्ध आहे आणि अतिउत्साही पॉलिशनेही क्रमांक पुसट होऊ शकतो. स्वतः जाणे शक्य नसलेल्या ज्येष्ठ परवानाधारकांसाठी एक माहिती : परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकते, अशी सोय कलम 3 मध्येच आहे. दुकानदारांनी त्यासाठीचा मजकूर कसा असावा हेही समजावून सांगितले. ऐरोली, वाशीकडच्या मंडळींना ट्रान्स हार्बर मार्गाने ठाण्याला येणे सोपे आहे. फक्त आपला परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे ते आधी वाचून घ्यावे.

उणिवाही आहेत. सुटे भाग येण्यास किती काळ लागेल याविषयी मिळालेला अंदाज साफ चुकला आणि मधल्या काळात दुकानाकडून स्वतःहून एकही फोन आला नाही. शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात असताना माणसाच्या मनाला स्वस्थता नसते, याची जाण त्यांनी ठेवायला हवी. मजुरीचा दरफलक नाही. अंदाजपत्रक तोंडी मिळते, ते लेखी मागून घ्यावे लागते. बसायला एकच खुर्ची आहे आणि ती बहुधा दुकानदारांच्या मित्राने अडवलेली असते. एकूण बिल मात्र पाच आकड्यांपर्यंत पोहोचले नाही. कानपूरच्याच ‘निर्भीक’ या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत 2014 साली बाजारात आले तेव्हा 1,22,360 रुपये होती, हे लक्षात घेता जुने शस्त्र नीट दुरुस्त करून घेणे परवडते.

परत देताना त्यांनी शस्त्र कातडी होल्स्टरमध्ये घालू दिले नाही. कातडे ओलावा धरून ठेवते आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पोलाद गंजते. खाडीकाठच्या आपल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, तेलाचा पातळ हात देऊन कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावे, असे त्यांचे सांगणे आहे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावे लागते तेव्हाही होल्स्टर घरी ठेवून शस्त्र तेवढे तेल लावून द्यावे. रेंजवर सहाही घरांतून एकही काडतूस फुसके निघाले नाही आणि नळीच्या तोंडाशी शिशाचे कण आढळले नाहीत.

विलायती वेब्ली किंवा जुने स्मिथ अँड वेसन असणाऱ्यांनी येथे फार मोठी अपेक्षा ठेवू नये. त्यांचे सुटे भाग आपल्याकडे नाहीत असे दुकानदार पहिल्याच भेटीत सांगतात, आणि अशा शस्त्रांची केवळ सफाई, तपासणी व स्प्रिंगचे काम घेतात.