कमी ऐकू येतं: लपवावं, नुसतं सांगावं, की सांगून मागावं?

कान साथ सोडायला लागले की डॉक्टर श्रवणयंत्राबद्दल सांगतात. लोकांना हे कसं सांगायचं, ते मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. मी तिन्ही वाटांनी चालून पाहिलंय.

लपवण्याची ओढ मला पूर्ण कळते. कोणी कीव करत नाही, कामाच्या ठिकाणी आपल्या कुवतीवर शंका घेत नाही. ही भीती खोटी नाही. पण लपवायला दिवसभर अंदाज बांधत राहावं लागतं. बहुतेकांचं ऐकणं आधी उंच पट्टीत कमी होतं. स्वर येतात, स, श, त, फ अशी नाजूक व्यंजनं निसटतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. ओठ वाचावेत तर प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. 'पान', 'बाण', 'मान' यांतलं काय म्हणाले ते संदर्भावरून ताडायचं. संध्याकाळपर्यंत डोकं शिणून जातं.

आणि अंदाज चुकतो. एकदा मैत्रीण हळू आवाजात वडिलांच्या आजाराबद्दल सांगत होती आणि मी हसून "अरे वा, छान" म्हणाले. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. लपवल्याने लोक आपल्याला धडधाकट समजतील असं वाटतं. प्रत्यक्षात ते शिष्ट समजतात, नाहीतर बेफिकीर. ऐकू येणं कमी होत गेलेला जर्मन संगीतकार बीथोव्हन याने 1801 मध्ये एका डॉक्टर मित्राला लिहिलं होतं, की जवळजवळ दोन वर्षं तो लोकांत मिसळणं टाळतोय, कारण 'मी बहिरा आहे' हे त्याला सांगवत नाही. तोच पुढे, 1818 पासून, भेटायला येणाऱ्यांपुढे वही ठेवू लागला. त्यांनी त्यात लिहायचं, तो बोलून उत्तर द्यायचा. त्या दोन काळांमधलं अंतर मला फार जवळचं वाटतं.

दुसरी वाट, म्हणजे "मला कमी ऐकू येतं" एवढंच सांगणं. लपवण्यापेक्षा बरी, पण अर्धवट. समोरचा लगेच ओरडू लागतो. ओरडण्याने स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजनं फारशी हाती लागत नाहीत, वर ओठांचा आकारही बिघडतो. पाच मिनिटांत तो विसरतो आणि पूर्ववत बोलतो. यात त्याचा दोष नाही. नेमकं काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझा कौल तिसऱ्या वाटेला: अडचण सांगायची आणि त्याच वाक्यात मागायचंही. "मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, माझ्या डावीकडे बसाल का?" "तेच वाक्य परत नको, दुसऱ्या शब्दांत सांगा." "जरा जवळ या, ओरडू नका." मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, म्हणून जवळ येणं हा सोपा उपाय. नुसतं "काय?" विचारण्यापेक्षा "बैठक किती वाजता म्हणालात?" असं विचारलं तर हवा तेवढाच तुकडा परत मिळतो. या वाटेचा त्रास एवढाच, की हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. काही दिवशी त्याचाही कंटाळा येतो. त्या दिवशी मी गर्दीत जात नाही.

नोकरीच्या मुलाखतीचं गणित थोडं वेगळं. शांत खोलीत समोरासमोर असेल तर आधीच सांगायची सक्ती स्वतःवर करू नका. फोनवर असेल तर मात्र व्हिडिओ कॉल आधीच मागा. जिथे जिवाचा प्रश्न आहे (यंत्रांजवळचं काम, धोक्याची घंटा, औषधाचं प्रमाण) तिथे निवड नाहीच. सांगायचं, आणि 'सात' की 'साठ' ते लिहून घ्यायचं.

श्रवणयंत्राचंही असंच: कानाच्या आत बसणारं छोटं यंत्र लपतं, कानामागचं दिसतं आणि न बोलता थोडं सांगून टाकतं. पण ऐकणं कितपत कमी झालंय, यावरच ते निवडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात 150 कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकण्याचा त्रास आहे. मी सांगितलं की निम्म्या वेळा समोरून "माझ्या आईलाही" असं उत्तर येतं ते त्यामुळेच असावं.

एकदम सगळ्यांना सांगायची गरज नाही. मी सुरुवात त्या मैत्रिणीपासून केली. आता ती आधी माझ्या हाताला हात लावते, मी तिच्याकडे वळले की मगच बोलायला लागते.